सराव संपतो साडेनऊला, मग जेवायचं कधी?

प्रश्न : मी देवगड तालुक्यातला, वय 18. गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळतो, चढाईला असतो. आमचा सराव संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, कारण मंडळातली निम्मी मुलं कामावरून तेव्हाच येतात. संपतो साडेनऊला. घरी येऊन आंघोळ होईपर्यंत सव्वादहा वाजतात. कुमार गटाच्या निवड चाचणीला 70 किलोच्या आत बसायचं आहे आणि माझं वजन 72 आहे. आमचे सर म्हणतात, आठनंतर अन्नाला शिवायचं नाही, रात्री खाल्लेल्याची सगळी चरबी होते. म्हणून मी रात्रीचं जेवण सोडलंय. सकाळी चहा-बटर, अकराला कॉलेजात वडापाव, दुपारी घरी भात-आमटी, पाचला चहा आणि परत वडापाव. मग थेट पाणी पिऊन झोप. पण एक-दीडला जाग येते, पोटात खड्डा पडलेला असतो, आणि मग डब्यातली बिस्किटं, फरसाण, हाताला लागेल ते खातो. महिना होत आला तरी वजन हलत नाही. उलट चढाईला जाताना पाय जड वाटतात. आई रोज रडकुंडीला येते. उशिरा जेवल्याने वजन खरंच वाढतं का?

उत्तर : आज रात्रीपासून जेवायला लाग. हे वाक्य आधी आईला वाचून दाखव, मग पुढचं वाच.

तुझ्या पत्रात माझं लक्ष अडकलं ते दीडच्या डब्यावर. 100 ग्रॅम बिस्किटांत साडेचारशेच्या वर कॅलरी असतात, 100 ग्रॅम फरसाणात साडेपाचशेच्या आसपास. झोपेत, अंधारात, भुकेल्या पोटी खाणारा माणूस मोजून खात नाही. म्हणजे रात्रीचे 500 कॅलरी तुझ्या पोटात जातायतच. जेवण सोडून तू ते वाचवलेले नाहीस, फक्त भात-माशाऐवजी मैदा, तेल आणि साखर घेतली आहेस. दोन तास अंगाला अंग भिडवून खेळलेल्या स्नायूंना दुरुस्तीसाठी प्रथिनं लागतात, ती त्या डब्यात फार कमी आहेत. पाय जड वाटतात त्याचं मला नवल वाटत नाही.

आता तुझ्या सरांच्या म्हणण्याकडे येते. त्यांनी ते हवेतून आणलेलं नाही. अमेरिकेत बॉस्टनला 2022 मध्ये एक काटेकोर प्रयोग झाला. 16 माणसं घेतली, सगळी वजनाने जास्त. त्यांना तेच अन्न, तेवढंच अन्न, एकदा वेळेवर आणि एकदा चार तास उशिरा दिलं. उशिरा खाल्लं तेव्हा त्यांना दिवसभर भूक जास्त लागली आणि शरीराने दिवसाकाठी 60च्या आसपास कॅलरी कमी जाळल्या. तेव्हा घड्याळाचा संबंध आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण ती माणसं तुझ्यासारखी दोन तास घाम गाळून ताटावर बसलेली नव्हती. प्रयोगात त्यांची हालचालसुद्धा ठरवून मर्यादित ठेवली होती.

तुझं शरीर रात्री दहाला वेगळ्याच अवस्थेत असतं. तुझ्या वजनाच्या मुलाच्या दोन तासांच्या सरावात 600-700 कॅलरी सहज खर्ची पडतात. चढाईची धाव, झटका, उडी हे सगळं स्नायूंत साठवलेल्या साखरेवर चालतं, आणि सरावानंतर तो साठा उतरलेला असतो. पुढचे काही तास स्नायू रक्तातली साखर आत ओढून घ्यायला टपलेले असतात. त्या वेळी भात खाल्लास तर तो आधी तिकडे जातो. खाल्लं नाहीस, तर दुसऱ्या दिवशी तू अर्ध्या साठ्यावर मैदानात उतरतोस. असे चार-पाच दिवस सलग गेले की पाय जड होतात.

प्रथिनांचंही तसंच. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 2012 मध्ये रात्री व्यायाम केलेल्या तरुणांना झोपण्याआधी 40 ग्रॅम केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, दिलं आणि रात्रभर मोजमाप केलं. झोपेत स्नायूंची बांधणी सुमारे 22 टक्क्यांनी जास्त झाली. तिथेच 2015 मध्ये 44 तरुणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात झोपण्याआधी प्रथिनं घेणाऱ्यांची ताकद आणि मांडीचे स्नायू दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढले. यात एक मेख आहे ती सांगते. त्यांच्या पोटात दिवसभराची एकूण प्रथिनंच जास्त गेली होती, त्यामुळे सगळं श्रेय रात्रीच्या वेळेला देता येत नाही. पण झोपेतही शरीर मिळालेलं प्रथिन पचवतं आणि वापरतं, एवढं त्यातून नक्की कळतं. रात्री पोट बंद पडतं ही समजूत डोक्यातून काढून टाक.

तर ताटात काय हवं? उकड्या तांदळाचा भात किंवा दोन भाकऱ्या, तांदळाच्या नाहीतर नाचणीच्या. दोन मध्यम बांगडे, तिखलं करून किंवा कढीत. बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि आपल्या बंदरावर ते ताजं मिळतं. तारली, पेडवे मिळाले तर तेही तितकेच चांगले, लहान मासा म्हणून नाक मुरडू नकोस. सोबत एखादी भाजी आणि हवी तर वाटीभर सोलकढी. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला घरात मासे शिजत नसतील तर कुळथाची पिठी घट्ट कर, त्यावर वाटीभर दही आणि झोपताना पेलाभर दूध. अंडी चालत असतील तर तीन उकडलेली. तुझ्या वजनाला आणि तू वजन उतरवतोयस म्हणून, दिवसाला 115-120 ग्रॅम प्रथिनं हवीत. ती एका ताटात बसत नाहीत, दिवसभरात चार वेळा विभागून घ्यावी लागतात. तुझ्या आत्ताच्या दिवसात त्यातली निम्मीसुद्धा जात नाहीत.

एक पथ्य मात्र पाळ. रात्री दहाला रवा लावून तळलेला मासा, वडे, भजी, ओल्या नारळाचं दाट वाटप घातलेली सागोती नको. तेलकट खाणं पोटातून उशिरा सरकतं, आडवं झालं की घशाशी येतं आणि झोप मोडते. सव्वादहाला जेवलास तर साडेअकराच्या आधी आडवा होऊ नकोस. तेवढं जागता येत नसेल तर जेवण दोन भागांत तोड. सराव संपल्या संपल्या मैदानावरच दोन केळी आणि दोन उकडलेली अंडी, आणि घरी आल्यावर नुसती पेज, तिच्यात एखादा मासा किंवा पिठी. आमच्या आजीची पिढी 'वायच पेज खा नि झोप' म्हणायची. शेतात राबून आलेल्या माणसाला ते अगदी योग्य होतं आणि चढाईपटूलाही योग्य आहे.

मग दोन किलो उतरायचे कुठून? चाचणीला किती दिवस आहेत ते तू लिहिलेलं नाहीस, सहा आठवडे धरते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. दोन किलोंना 15,400. सहा आठवड्यांत भागलं तर रोजचे साडेतीनशे-पावणेचारशे येतात. तुझं वजन महिनाभर हललेलं नाही, म्हणजे आत्ताचं येणं आणि जाणं सारखं आहे. त्यातून दीडचा डबा बंद झाला की 500 गेले. अकराचा वडापाव गेला की 300 गेले, त्या वेळेला पोटभर पाणी आणि दुपारचं जेवण तासभर आधी घे, कॉलेजमुळे जमत नसेल तर घरून डबा ने. दिवसात चार चहा होत असतील तर त्यातली साखर बंद केली की आणखी दीडशे. वजा झाले साडेनऊशे, आणि रात्रीचं 600चं जेवण अधिक. उरलेली वजाबाकी साडेतीनशेची, आपल्याला हवी तेवढीच. पाचच्या वडापावाच्या जागी साधारण तेवढ्याच कॅलरीत दोन घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खा. सराव साडेसातला आहे, तोवर ते उतरतं आणि मैदानात कामाला येतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा अर्धा-एक किलो वर जाईल. तेव्हा घाबरून जेवण परत सोडशील म्हणून आधीच सांगते. स्नायूंत साखरेचा एक ग्रॅम साठला की त्याच्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. रात्री सुकट किंवा खारवलेला बांगडा खाल्ला असेल तर मिठामुळेही पाणी धरून राहतं. ते वजन चरबीचं नसतं. रात्री उशिरा जेवून सकाळी काट्यावर उभं राहणारा प्रत्येक मुलगा याच पाण्याला भितो, आणि 'रात्री खाल्लं की वाढतं' ही समजूत बरीचशी इथूनच पक्की होते. वजन रोज एकाच वेळी कर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आणि आठवड्याची सरासरी बघ. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नकोस.

आता जे तू विचारलेलं नाहीस ते. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून, रेनकोट घालून धावून वजन उतरवायचं तुझ्या मनात असेल, तर ते आत्ताच सोड. मी एका गावच्या मैदानावर मे महिन्यात काटा घेऊन बसले होते. एक मुलगा सरावाआधी 71.4 भरला, सराव संपल्यावर 69.9. त्याचे मित्र टाळ्या वाजवायला लागले. मी त्याला जवळ बसवून त्याची जीभ बघितली, कोरडी ठणठणीत. नाडी बसल्या जागी धडधडत होती आणि पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते. दीड किलो चरबी दोन तासांत जात नाही, ते सगळं पाणी होतं आणि त्याला त्यानंतर दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर घालून, घोट घोट पाजावं लागलं. आपल्याकडे हवा दमट, घाम अंगावरून निथळतो पण वाळत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. त्यात रेनकोट चढवला तर आतली उष्णता जाणार कुठे? अमेरिकेत 1997च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिनाभरात दगावले, आणि तिथले नियम बदलावे लागले. पॅरिसला 2024 मध्ये विनेश फोगाट 50 किलो गटात 100 ग्रॅमनी बाहेर गेली. अख्खी रात्र न झोपता, न खाता-पिता, केस कापूनही ते 100 ग्रॅम उतरले नाहीत. तिच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळा ताफा होता. तुझ्यामागे गावात कोण असणार? आणि एक स्पष्ट सांगते : तू 18चा आहेस, उंची वाढतेय, खांदे भरतायत. सहा आठवडे नीट खाऊन, नीट झोपूनही 71च्या खाली आला नाहीस, तर तुझं शरीर 70च्या गटाचं राहिलेलं नाही. तेव्हा खुल्या गटाची तयारी कर. त्यात कमीपणा काही नाही.

रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धांचं थोडक्यात. तुमचा सामना अकराला लागणार असेल तर आठला नेहमीचं हलकं जेवण, दहाला केळं, मध्ये पाणी. एकला सामना संपला तर पेज, दूध किंवा अंडी. अंतिम सामन्यानंतर आयोजकांनी सागोती-वडे केले असतील तर मुलांबरोबर बसून आनंदाने खा, एका रात्रीने कुणाचं वजन वाढत नाही. फक्त स्पर्धा चार रात्रींची असेल तर पहिल्या तीन रात्री तो मोह टाळ, दुसऱ्या दिवशी खेळायचं असतं.

सरांना हे पान दाखव. त्यांना तुझं भलंच हवंय. आणि मंडळाला माझी विनंती आहे की सराव संपल्यावर मैदानात केळ्यांचा एक घड आणि पिण्याच्या पाण्याची कळशी असू दे. जर्सीवर होतो त्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

प्रश्न : आम्ही मालवणला राहतो. मुलगी 14 वर्षांची, पोहते. डिसेंबरात चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिची तयारी चाललीय. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी पुन्हा, दोन्ही वेळा सराव. साडेसातला जेवते आणि नऊला पुन्हा भूक म्हणून मागते. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीने रात्री-अपरात्री खाऊ नये, जाडी होईल. गेल्या वर्षभरात तिचं वजन वाढलेलं नाही म्हणून आम्ही खूष होतो. चार महिन्यांपासून तिची पाळी आलेली नाही. सराव जास्त आहे म्हणून असेल असं वाटतं. रात्री काय द्यावं?

उत्तर : ताई, रात्री काय द्यावं हे पुढे सांगते. आधी या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही की कारण शोधायचं असतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, ड जीवनसत्त्व या तपासण्यांबद्दल त्यांना विचारा आणि सराव किती तास चालतो तेही सांगा, ते आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही.

खेळणाऱ्या मुलीची पाळी जातेच, हे मी पालकांच्याच नाही तर प्रशिक्षकांच्या तोंडूनही ऐकते आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडलं की ते एकेक काम बंद करायला लागतं. पाळी बंद होते, हाडं भरणं मंदावतं, जखमा उशिरा भरतात, सर्दी-ताप सारखा होतो, वेग उतरतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव देऊन जगभरच्या प्रशिक्षकांना सावध केलं, आणि 2018 व 2023 मध्ये पुन्हा त्यावर सविस्तर लिहिलं. मुलग्यांनाही हे होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी ठळक खूण नसते. 14व्या वर्षी मुलीचं वजन वर्षभर न वाढणं ही खूष होण्याची गोष्ट नाही, ताई. या वयात ते वाढायलाच हवं. हाडांच्या जन्मभराच्या पुंजीचा मोठा वाटा याच चार-पाच वर्षांत साठतो.

तिची नऊची भूक खरी आहे. पहाटे पाचला उठणारी, दोन वेळा पोहणारी मुलगी तुमच्याकडे खायला मागतेय, तर द्या. दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, केळं, शेंगदाण्याचा लाडू, दुपारचे घावणे उरले असतील तर ते दह्याबरोबर. फक्त तिला झोपायला उशीर होऊ नये. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, म्हणजे पाचला उठायचं तर नऊच्या आत अंथरुणात. म्हणून हे खाणं साडेआठला उरकून घ्या. खरी तूट बहुधा सकाळी पडत असणार. पहाटेच्या सरावाआधी काही खाऊन जाते का? पोहून आल्यावर शाळेच्या घाईत काय खाते? निदान केळं आणि चार खजूर खाऊन पाण्यात उतरू दे, आणि शाळेत जाताना दोन अंडी, भाकरी, दूध असं भरपेट पाठवा.

सासूबाईंना बाजूला सारू नका. त्यांना स्वयंपाकघरात घ्या. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व काढणं त्यांच्याइतकं तुम्हाला-मला जमणार नाही. नातीची पाळी चार महिने आलेली नाही हे त्यांना मोकळेपणाने सांगितलंत तर त्याच तुमच्या आधी डॉक्टरांकडे निघतील, असा माझा अनुभव आहे. आणि डॉक्टरांनी सराव कमी करा म्हटलं तर डिसेंबर सोडून द्यायची तयारी ठेवा. पुढच्या वर्षीही डिसेंबर येणार आहे.

प्रश्न : रत्नागिरीत औषधाचं दुकान आहे. वय 43, वजन 78. अर्धमॅरेथॉनसाठी वर्षभर धावतोय, आठवड्यातून पाच दिवस पहाटे पाचला, सहा-सहा किलोमीटर. दुकान दहाला बंद करून साडेदहाला जेवतो, पोळी-भाजी, भात-आमटी, सगळं. बाराला झोप. धावूनही वजन चार किलो वाढलं. कुठे चुकतंय?

उत्तर : पहिल्या उत्तरात मी त्या मुलाला दहाला जेव म्हटलं, तुम्हाला मात्र तसं म्हणणार नाही. तो सराव करून ताटावर बसतो. तुम्ही धावल्यानंतर सुमारे सतरा तासांनी, दिवसभर काउंटरमागे उभं राहून जेवता आणि तासा-दीड तासात झोपता. बॉस्टनचा जो प्रयोग वर सांगितला, तो तुमच्यासारख्यांना जास्त लागू पडतो. स्पेनमध्ये 2013 साली वजन उतरवणाऱ्या 420 जणांचा अभ्यास झाला होता. तिथे दिवसातलं मुख्य जेवण दुपारचं असतं. ते तीननंतर घेणाऱ्यांचं वजन लवकर जेवणाऱ्यांपेक्षा कमी उतरलं, आणि दोघांच्या एकूण खाण्यात फारसा फरक नव्हता.

पण मला तुमच्या जेवणापेक्षा झोपेची काळजी वाटते. बारा ते पाच, म्हणजे पाच तासही पुरते नाहीत. शिकागोत 2010 मध्ये दहा जणांवर एक प्रयोग झाला. खाणं तितकंच कमी केलं, पण एकदा साडेआठ तास अंथरुणात आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली आणि त्या जागी स्नायू झिजले. शिवाय भूक वाढली. तुम्हाला अकराला दुकानात चहाबरोबर खारी-फरसाण लागतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे.

सहा किलोमीटर धावलं की तुमच्या वजनाला साधारण 470 कॅलरी जातात. वजन गुणिले अंतर, इतका सोपा हिशेब. धावून आल्यावर दोन बशा पोहे आणि गोड चहा घेतला की ते परत आले.

रात्रीचा डबा दुकानात मागवा आणि आठला खा. घरी आल्यावर पेलाभर दूध किंवा ताक, बस्स. अकराच्या आत झोपा आणि धावायला सहाला निघा. कोकणात उन्हाळ्यात सहानंतर घाम फुटतो हे मान्य, तर मार्च ते मे धावायचे दिवस पाचऐवजी चार करा, पण झोप मोडू नका. लांब धावायचं असेल त्याच्या आदल्या रात्री भात कमी करू नका, फक्त तो आठला खा. घरची मंडळी दहापर्यंत तुमच्यासाठी जेवायची थांबत असतील तर त्यांच्याशी बोला. रविवारी दुपारी सगळे एकत्र बसा.

प्रश्न : दापोली तालुक्यातून लिहितोय, फुटबॉल खेळतो. रमजानमध्ये आमचा सराव तरावीहनंतर, म्हणजे रात्रीच्या खास नमाजानंतर, साडेदहाला असतो. महिनाभर सगळं खाणं रात्रीच. वजन वाढेल का? ताकद कशी टिकवू?

उत्तर : रमजानमधल्या वजनावर जगभर बरेच अभ्यास झालेत. बहुतेकांत रोजे ठेवणाऱ्यांचं वजन महिन्याअखेर किलोभर कमी झालेलं आणि नंतरच्या काही आठवड्यांत परत आलेलं दिसतं. महिनाभर केवळ रात्री जेवूनही ते वाढत नाही. वाढतं ते कुणाचं, तर ज्यांचा इफ्तार भजी, समोसे आणि सरबतातच संपतो त्यांचं.

तुझा सराव साडेदहाला आहे, तर खजूर आणि पाण्याने रोजा सोडल्यावर हलकं पण नीट जेव : रोटी किंवा भात, थोडं मटण नाहीतर मासे, डाळ. तळलेलं सरावानंतरही नको. मैदानातून आल्यावर दूध-केळं किंवा अंडी, आणि सेहरीला, म्हणजे पहाटे रोजा सुरू व्हायच्या आधी, पोटभर : भाकरी, अंडी, दही, एखादं फळ. अशी प्रथिनं तीनदा जातात. सेहरी चुकवून झोपून राहणारी मुलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गळून जातात, तू तसं करू नकोस. पाणी इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडं थोडं पीत राहा, शेवटच्या दहा मिनिटांत लिटरभर ढोसलेलं टिकत नाही. सेहरीला सुकी मासळी, लोणचं, पापड टाळ, दिवसभर घसा सुकतो. रात्रीची झोप तुटते, तेव्हा दुपारी जमेल तेव्हा तासभर आडवा हो. या महिन्यात ताकद वाढवायच्या मागे लागू नकोस. जोराचा सराव आठवड्यातून दोनदा ठेव, बाकीचे दिवस चेंडूवरचा ताबा आणि पासिंग घे. ईदनंतर आठवडाभराने जोर वाढव.